चोपदारबाई मागे वळल्या

सत्तावीस वर्षं मी सभागृहाचा चोपदार होतो. अध्यक्षांच्या दालनापासून सभागृहाच्या दारापर्यंत चौसष्ट पावलं आणि दारापासून मेजापर्यंत बावीस, एवढीच माझी नोकरी. सकाळी अकराला दोन मिनिटं कमी असताना राजदंड उजव्या खांद्यावर घ्यायचा, अध्यक्षांच्या पुढे सहा पावलं चालायचं, दार उघडलं की एकदाच आवाज द्यायचा, "सदस्यहो, अध्यक्ष!", आणि सगळे उभे राहिले की दंड मेजावर आडवा ठेवायचा. दंड मेजावर आला की कामकाज सुरू, उचलला की संपलं. मधल्या वेळात कोण कोणावर धावून गेलं, कोणी कोणाची सात पिढ्यांची उणीदुणी काढली, याच्याशी चोपदाराला देणंघेणं नाही. माझी बायको म्हणायची, "एवढं कमी चालून एवढा मान मिळवणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही."

शेवटी गुडघ्यांनी राजीनामा दिला, मग मलाही द्यावा लागला.

दोन महिन्यांनी सभागृहाच्या सचिवांचा फोन आला. "काका, नवीन चोपदाराला शिकवायला याल का?"

"येतो की. कोण आहे?"

"कडी."

मी हसलो. पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही, तेव्हा गप्प झालो.

कडी म्हणजे पाहुण्यांच्या गॅलरीवरची रखवालदार. एकोणीस वर्षं ती त्या एका दाराशी उभी होती. घंटा झाली की कडी घालायची, मग बाहेर कोणीही असो. एकदा एका मंत्र्यांचे सासरे उशिरा आले आणि दार बडवायला लागले. ही आतून म्हणाली, "जावई आत आहेत, तुम्ही बाहेर आहात. दोघंही जिथे आहात तिथे बरे आहात." तेव्हापासून तिचं नाव कडी पडलं. तिला ते लागलं नाही. उलट कोणी विचारलं की स्वतःच सांगायची, "मी कडी."

ती या जागेपर्यंत कशी आली तेही सांगतो. माझ्या जागेची सूचना फळ्यावर लागली तेव्हा अठरा पुरुषांनी अर्ज केले, आणि एक हिने. कारकुनाने तिचा अर्ज परत केला. ती नियमांचं पुस्तक काखेत मारून सचिवांकडे गेली. उंची किती हवी, आवाज कुठवर पोचायला हवा, वजन किती वेळ पेलायला हवं, सगळं त्यात होतं. जिथे तिथे 'तो' लिहिलं होतं, पण तोच पाहिजे असं कुठेही लिहिलं नव्हतं. सचिवांनी तीनदा वाचलं आणि अर्ज ठेवून घेतला.

मग चाचणी झाली. साडेअकरा किलोचा दंड खांद्यावर घेऊन हलायचं नाही, वीस मिनिटं. अठरांपैकी चार जणच वीस मिनिटांपर्यंत टिकले. ही पंचविसाव्या मिनिटाला म्हणाली, "ठेवू का खाली, की अजून कोणाचा चहा व्हायचाय?" दुसऱ्या दिवशी इमारतभर एकच बोलणं होतं, कडीने सगळ्यांवर कडी केली.

अध्यक्षांना हे रुचलं नव्हतं. राजकारणात येण्याआधी ते शाळेत मुख्याध्यापक होते. उंच, काटकुळे, चालण्यात घाई, बोलण्यात व्याकरण. सदस्य त्यांना पाठीमागे हेडमास्तर म्हणत. कागद समोर आला तेव्हा ते सचिवांना म्हणाले, "नियमात बसतं म्हणून सही करतो. मनात बसत नाही."

खरं सांगायचं तर माझ्याही मनात बसत नव्हतं. शिकवायला गेलो तो तिची फजिती बघायला.

इमारतीच्या तळघरात मोडकी बाकं आणि बंद पडलेली घड्याळं ठेवलेली असतात. तिथे आम्ही चौसष्ट पावलांची खडूची रेघ आखली. खरा दंड सरावाला मिळत नाही, म्हणून तिने गोणपाटात गुंडाळलेली एक पहार आणली होती. मी खुर्ची टाकून बसलो आणि तोंड सोडलं.

"पायाकडे बघू नकोस. पाय पळून जात नाहीत."

"हो काका."

"पाऊल सारखं पडलं पाहिजे. एक लांब, एक आखूड म्हणजे लोकांना वाटेल चोपदार खड्डे चुकवतोय."

"चुकवतेय," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्या रेघेवर जाऊन उभी राहिली.

तीन आठवडे ती रोज ड्यूटी संपल्यावर यायची. तिचा उजवा खांदा आधी लाल झाला, मग काळानिळा, मग पिवळा. तिने त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. कोट शिवणारा शिंपी माप घ्यायला आला तेव्हा त्याने तो खांदा पाहिला आणि न विचारताच आतून लोकरीची जाड घडी घालायचं ठरवलं. त्याची अडचण वेगळीच होती. "बाई, आमच्या आजोबांपासून हा कोट आम्ही शिवतोय. आता बटणं बायकी बाजूला लावू की पुरुषी?"

"कुठल्याही बाजूला लावा दादा. तुटू नयेत एवढं बघा."

आवाजाने मात्र आमचा जीव खाल्ला. माझा आवाज ढोलासारखा. तिनेही तसाच काढायचा प्रयत्न केला आणि तो दर वेळी मध्येच फाटायचा. चौथ्या दिवशी मी वैतागलो. "माझी नक्कल करू नकोस! गॅलरी बंद झाली हे तू लोकांना कसं सांगत होतीस?"

मान सरळ करून तिने तिच्या स्वतःच्या आवाजात हाक दिली. उंच, सरळ, दोरी ताणल्यासारखी. तळघराच्या दुसऱ्या टोकाला कुलपं तपासणारा माणूस ताडकन उभा राहिला. आपण का उभे राहिलो ते त्याला कळेना. माझ्याही अंगावर काटा आला, पण मी ते दाखवलं नाही. "ठीक आहे," म्हणालो.

सगळ्यात शेवटी मी तिला नववा नियम शिकवला. चोपदाराने मिरवणुकीत मागे पाहायचं नाही. काहीही झालं तरी नाही. दंड जमिनीला टेकवायचा नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, आणि मागे वळायचं नाही.

"आणि मागे काही झालं तर?" तिने विचारलं.

"मागे काही होत नाही."

ती गोणपाटाची गाठ आवळत होती. वर न बघता म्हणाली, "सोळा वर्षांपूर्वी झालं होतं. मी गॅलरीच्या जिन्यावर उभी होते."

मला वाटलं होतं ते सगळे विसरले. तेव्हाचे अध्यक्ष म्हणजे आधीचे, अंगाने भारी. चाळिसाव्या पावलाला माझ्यामागे त्यांचा पाय घसरला आणि ते पडले. मी मागे पाहिलं नाही. उरलेली चोवीस पावलं चाललो, आवाज दिला, आतली बावीस चाललो, दंड मेजावर ठेवला. चोपदार चालतोय म्हटल्यावर मागच्या शिपायांनीही रांग मोडली नाही. ते तसेच फरशीवर पडून होते. कंबरेचं हाड मोडलं, आणि पुढे ते कधी धड चालले नाहीत. वर्तमानपत्रांनी मला कर्तव्यकठोर म्हटलं. मला पदक मिळालं. गेली सोळा वर्षं मी ही गोष्ट शंभर जणांना सांगितली असेन, पण सांगताना पडण्याचा आवाज नेहमी गाळत आलो.

"तुम्हाला ऐकू आलं होतं?" तिने विचारलं.

"आलं होतं."

ती पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने पहार खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "चला काका, पुन्हा सुरुवातीपासून."

तिचा पहिला दिवस मी वरच्या गॅलरीतून पाहिला. शेजारी तिची सासू बसली होती. हातात काठी, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि तोंडाचा पट्टा चालू. "घरी पाण्याची कळशी उचलली की हिची पाठ दुखते," ती मला म्हणाली. "इथे बघा, चांदीचं ओझं हसत हसत उचलतेय."

खाली तीनशे सदस्य कुजबुजत होते. काही जण तर उभं राहायचंच नाही असं ठरवून आले होते, असं नंतर कळलं. अकरा वाजले. दोन्ही दारं उघडली. हाक आली.

मी सत्तावीस वर्षं ती हाक दिली, पण ती ऐकायला कशी लागते हे मला माहीतच नव्हतं. घुमटाखाली बसलेली कबुतरं एकदम उडाली. सदस्य उभे राहिले. उभं राहायचं नाही म्हणणारेही उभे राहिले, कारण अंग आधी उठलं आणि ठरवलेलं मागाहून आठवलं. ती आत आली. काळा कोट, पांढरे हातमोजे, खांद्यावर दंड, आणि वरच्या खिडकीतून येणारा उजेड नेमका त्याच्या टोकावर. बुटाच्या नालेचा आवाज फरशीवर सारख्या अंतराने पडत होता. मागून हेडमास्तर चालत होते, पण त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं.

सासूबाईंचा पट्टा बंद पडला होता. बऱ्याच वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या घरची आहे हो ती." मला नाही, समोरच्या कठड्याला सांगितल्यासारखं.

तीन महिने सगळं सुरळीत चाललं. लोकांना सवय झाली. तिला आता बाहेर कोणी कडी म्हणत नसे, चोपदारबाई म्हणत. अध्यक्ष मात्र तिच्याशी कामापुरतंही बोलत नसत. सकाळी दालनातून बाहेर आले की घड्याळाकडे बघायचे आणि मान हलवायचे. ती मान म्हणजे चला.

त्या दिवशी मी तिथे होतो तो निव्वळ योगायोगाने. तिने नवे बूट घेतले होते आणि पाऊल जड पडतंय असं तिला वाटत होतं. "काका, एकदा ऐकून सांगाल का?" म्हणून मी मार्गिकेतल्या खांबाजवळच्या बाकावर डोळे मिटून बसलो होतो. म्हणजे जे घडलं ते मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं.

तिची पावलं व्यवस्थित होती. त्यांच्या मागे हेडमास्तरांची, नेहमीसारखी घाईची. मी मोजत होतो. त्रेचाळीस, चव्वेचाळीस. मग मागच्या पावलांत काहीतरी बदललं. ठक ठकच्या जागी ठक, आणि मग फरशीवर काहीतरी घासल्याचा आवाज. ठक, घास. ठक, घास. मला ऐकू आलं. आणि मी, ज्याने हे एकदा भोगलं होतं तो मी, बाकावर तसाच बसून राहिलो.

तिची पावलं थांबली.

मी डोळे उघडले. ती मागे वळली होती.

त्या मार्गिकेत तेव्हा बारा-तेरा माणसं असतील. सचिव, शिपाई, दोन रखवालदार, दारावरचे दोघं. सगळे गोठल्यासारखे झाले. इतक्या वर्षांत चोपदाराचा चेहरा अध्यक्षांकडे झालेला कोणी पाहिला नव्हता. खुद्द अध्यक्षांनीही नाही. ते थांबले, चिडले आणि म्हणाले, "चला, चला." पण शब्द ओले होऊन बाहेर पडले. ओठाची एक कड खाली आली होती.

"साहेब, दोन्ही हात वर करा बरं," ती म्हणाली.

"काय?"

"हात. दोन्ही."

आयुष्यभर मुलांना हात वर करायला लावणाऱ्या माणसाने हात वर केले. उजवा गेला. डावा खांद्यापर्यंतही पोचला नाही. त्याच क्षणी त्यांचा गुडघा वाकला. ती दोन ढांगांत त्यांच्यापाशी पोचली आणि डाव्या हाताने काखेत धरून त्यांना सावकाश खाली घेत घेत स्वतः फरशीवर बसली. उजव्या खांद्यावरचा दंड हलला नाही. मग ती ओरडली.

"डॉक्टर!"

इमारतीचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, मार्गिकेच्या पार पलीकडे आहे. डॉक्टर नंतर सांगत होते की त्यांना तो आवाज बंद खिडकीतून आला आणि ते जिन्याच्या तीन तीन पायऱ्या गाळत उतरले. पण तो आवाज दुसरीकडेही गेला होता. सभागृहाची दारं बंद होती. आतल्या तीनशे माणसांना शब्द कळला नाही, फक्त तो आवाज कळला. आणि ते सगळे उभे राहिले.

बाहेर गडबड उडाली होती. कोणीतरी पाण्याचा पेला घेऊन धावला.

"पाणी नको. ठसका लागेल. कुशीवर वळवा, कॉलर सैल करा." मग सचिवांकडे बघून म्हणाली, "वेळ लिहून ठेवा साहेब. डॉक्टर विचारतील. अकराला एक मिनिट कमी."

सचिवांनी तळहातावरच वेळ लिहिली.

मी आयुष्यात पुष्कळ भव्य गोष्टी पाहिल्या. राजे पाहिले, शपथविधी पाहिले, हजार दिव्यांची झुंबरं पाहिली. पण त्या फरशीवरचं दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. ती मांडी घालून बसलेली, मांडीवर अध्यक्षांचं डोकं, डावा तळवा त्यांच्या गालाखाली, आणि उजव्या खांद्यावर साडेअकरा किलोचा दंड सरळ उभा, जमिनीपासून वीतभर वर. तो टेकला नाही. तिने तो कोणाच्या हातातही दिला नाही. एक शिपाई घ्यायला पुढे झाला तर तिने नुसतं पाहिलं आणि तो मागे सरला. हेडमास्तर एकटक वर तिच्याकडे बघत होते. ती त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होती, "इथेच आहे मी. डॉक्टर येतायत. डोळे मिटू नका. माझ्याकडे बघा." तिचा घसा एवढा मऊ होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

स्ट्रेचर आलं. डॉक्टर म्हणाले, "वेळेत कळलं." गाडी गेली. मग दारावरचा माणूस कुजबुजला, "आत सगळे उभे आहेत."

"अजून?" सचिव म्हणाले.

"अजून. बाईंच्या हाकेला उठले ते बसलेच नाहीत. बसा म्हणायला कोणी नाही ना."

दहा मिनिटं झाली होती. सचिव तिच्याकडे वळले. "आता काय करायचं? अध्यक्षांशिवाय दंड आत जात नाही."

"आत तीनशे माणसं ताटकळली आहेत साहेब. काय झालं ते त्यांना सांगायला कोणीतरी जायला हवं." ती उठून उभी राहिली. कोटाच्या गुडघ्यांवर धूळ होती. तिने ती झटकली नाही, कारण तिचा एक हात दंडावर होता आणि दुसरा थरथरत होता. तो थरथरणारा हात मी पाहिला म्हणून सांगतो, नाहीतर लोकांना वाटेल ती दगडाची होती.

तिने उरलेली पावलं चालायला सुरुवात केली. तिच्यामागे कोणी नव्हतं. मला काय वाटलं कोण जाणे, मी बाकावरून उठलो आणि दुखऱ्या गुडघ्यांनी दारापर्यंत गेलो.

दारं उघडली. तिने हाक दिली नाही. नुसती आत गेली. तीनशे चेहरे तिच्या मागची रिकामी जागा बघत होते. एकही खोकला नाही. ती मेजापर्यंत गेली, पण दंड मेजावर ठेवला नाही. तो खांद्यावरच ठेवून ती सभागृहाकडे तोंड करून उभी राहिली. चोपदार इथे दोन शब्दांपलीकडे बोलत नाही. मी सत्तावीस वर्षांत तिसरा शब्द उच्चारला नव्हता.

"सदस्यहो," ती म्हणाली, "अध्यक्षांना पक्षाघाताचा झटका आला आहे. त्यांना दवाखान्यात नेलं आहे. ते शुद्धीवर आहेत, आणि डॉक्टर म्हणतात वेळेत कळलं." मग जरा थांबून, घरी आलेल्या पाहुण्यांना म्हणावं तसं, "आता बसा."

आणि सभागृह बसलं. पहिल्यांदा बसले ते विरोधी बाकांवरचे एक म्हातारे सदस्य. त्यांना गप्प बसवायला आजवर चार अध्यक्ष कमी पडले होते. त्यांनी आधी मान झुकवली, मग बसले. मग ओळीमागून ओळ. कापड सरकल्याचा तेवढा आवाज आला, बाकी काही नाही. बाजूच्या दाराने उपाध्यक्ष आले, खुर्चीवर बसले, आणि तेव्हा तिने दंड मेजावर ठेवला.

पुढच्या आठवड्यात तिला कागद आला. नववा नियम का मोडला याचा लेखी खुलासा करा. सचिवांचा नाइलाज होता, नियम मोडला की कागद जातोच. तिने दोन ओळी लिहून दिल्या. सचिवांनी मला दाखवल्या. 'अध्यक्षांचं डावं पाऊल घासलं. माझ्या सासऱ्यांचं असंच घासलं होतं, तेव्हा मला कळलं नाही आणि ते चार वर्षं अंथरुणावर होते.'

मी घरी येऊन बायकोला ते सांगितलं. सांगताना पहिल्यांदाच तिला सोळा वर्षांपूर्वीचा पडण्याचा आवाजही सांगितला. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही झोपेत दचकता." आणि उठून चहा टाकला.

अध्यक्ष अडीच महिन्यांनी परतले. काठी घेऊन, अर्धे झालेले, शब्द शोधत शोधत बोलणारे. पहिल्याच सकाळी त्यांनी तिला दालनात बोलावलं. मलाही बोलावलं होतं, सचिवही होते. त्यांच्यासमोर नियमांचं पुस्तक उघडं होतं.

"बाई," ते म्हणाले, "मी हा नववा नियम... खोडणार आहे."

"नका खोडू साहेब," ती म्हणाली.

अध्यक्षांनी पुस्तकावरून नजर वर उचलली.

"का?"

"चोपदार पावलोपावली मागे बघायला लागला तर पुढे चालणार कोण? नियम बरा आहे. राहू दे. मी मोडला तर मोडला म्हणून माझ्या फायलीत लिहा. पुढच्याने मोडायची वेळ आली तर त्यालाही कळू दे, की आपण काय मोडतोय."

हेडमास्तरांचे डोळे भरले. त्यांनी पेन उचललं आणि उजव्या हाताने सावकाश तिच्या खुलाशाखाली लिहिलं, 'समज दिली.' खाली सही केली. मग जरा विचार करून सहीखाली आणखी एक शब्द लिहिला, 'मिळाली.'

"व्याकरण," ते म्हणाले, आणि वाकड्या ओठांनी हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

मग ते काठीवर भार देऊन उठले. अकराला वेळ होता, पण आता त्यांना वेळ लागणार होता. तिने दंड खांद्यावर घेतला, सहा पावलं पुढे जाऊन उभी राहिली, आणि चालायला लागली. मागे काठी, पाऊल, घासणारं पाऊल. काठी, पाऊल, घासणारं पाऊल. ती मागे बघत नव्हती. पण तिची चाल त्या आवाजावर ठरत होती. आवाज मंदावला की ती मंदावायची, थांबला की एक पाय किंचित उचललेला तसाच ठेवून थांबायची. कुठे ओढल्यासारखं नाही, कुठे वाट बघतेय असंही नाही. हे मी तिला शिकवलं नव्हतं. मला येतच नव्हतं.

दारं उघडली, हाक गेली, सभागृह उठलं. बावीस पावलांना पूर्वी पंधरा सेकंद लागायचे, त्या दिवशी दोन मिनिटांहून जास्त लागली. कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही. कोणी बसलं नाही. काठीचा आवाज मेजापर्यंत पोचेस्तोवर घुमटाखाली तीनशे माणसं श्वास रोखून उभी होती, आणि वर गॅलरीत सासूबाई चष्मा पुसत शेजारच्या अनोळखी माणसाला काहीतरी सांगत होत्या.